घरातली कार्यशाळा आणि दुखापती: मुंबईतल्या हौशी कारागिरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत ‘वर्कशॉप’ म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला आलेली बंद गॅलरी, नाहीतर हॉलमधला दिवाणाशेजारचा कोपरा. कुणाला रविवारी दुपारपुरती सोसायटीची गच्ची मिळते. कारखान्यांसाठी लिहिलेले सुरक्षेचे नियम अशा जागेत जसेच्या तसे बसत नाहीत, कारण इथे डोक्यावर कपडे वाळत असतात, पलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं आणि ड्रिलचा प्लग फ्रिजच्या शेजारच्या सॉकेटमध्ये असतो. खालची उत्तरं ड्रिल, ग्राइंडर, कटर, सोल्डरिंग आणि रंग-पॉलिश एवढ्यापुरती आहेत. वेल्डिंगबद्दल कुणी विचारलं तर उत्तर एकच: फ्लॅटमध्ये करू नका.

नवीनच सुरुवात करतोय. आधी काय विकत घेऊ?

शिकंजे. सी-क्लॅम्प म्हणा, जी-क्लॅम्प म्हणा, पण चांगले लोखंडी आणि किमान चार. त्यानंतर डोळ्यांचा गॉगल. ड्रिल मशीन त्याच्यानंतर.

हा क्रम ऐकून लोक हसतात. पण हाताला लागण्याचे प्रसंग आठवून पाहा: एका हातात वस्तू धरलेली, दुसऱ्या हातात यंत्र. पत्र्याला भोक पाडताना बिट पलीकडे निघतं त्या क्षणी अडकतं आणि पत्रा बिटाबरोबर गरकन फिरतो. तो हातात असेल तर तळवा कापतो; टेबलाला आवळलेला असेल तर फार तर बिट तुटतं. शिकंजा लावला की दोन्ही हात मशीनवर राहतात आणि पात्यासमोर एकही राहत नाही. इतकी साधी आणि इतकी स्वस्त दुसरी सोय मला माहीत नाही. नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारलीत तर शिकंजे, गॉगल, मास्क सगळं एकाच गल्लीत मिळतं.

सुतार तर पायाखाली फळी दाबून सरळ कापतात. त्यांना काही होत नाही, मग आपल्याला का होईल?

त्यांनाही होतं. जुन्या सुतारांची बोटं मोजून बघा.

हातकरवतीने पायाखाली फळी धरून कापणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे आणि त्यात फार बिघडत नाही. करवत सटकली तर ओरखडा येईल, आणि हात थांबला की करवतही थांबते. प्रश्न सुरू झाला तो मार्बल कटरमुळे. मुंबईत फर्निचरच्या साइटवर प्लाय कापायला सर्रास हेच चार इंची यंत्र वापरतात, लाकडाचं दातेरी पातं लावून. हे यंत्र मुळात दगड आणि टाइल्ससाठी बनलेलं आहे. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारं पातं, आणि खऱ्या लाकूडकापणीच्या गोल करवतीला असतं तसं आपोआप मिटणारं झाकण बहुतेक मॉडेलना नाही. काप संपवून यंत्र खाली ठेवलं तरी उघडं पातं काही क्षण फिरतच असतं आणि ते तुमच्या अनवाणी पायाजवळ असतं.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे कटर उलटा करून प्लायच्या खालून स्क्रूने आवळायचा, स्विच दोरीने किंवा टेपने कायमचा दाबून ठेवायचा आणि वरून फळी ढकलायची. याला ‘टेबल सॉ’ म्हणतात लोक. त्यात पात्यावर झाकण नाही, कापलेली फट मिटू नये म्हणून पात्यामागे लागणारी पाचर नाही, आणि गडबड झाली तर हाताशी बटण नाही. फळीची फट मिटून तिने पातं पकडलं की फळी थेट तुमच्या पोटाकडे फेकली जाते, आणि ती ढकलणारा हात पुढे झेपावतो, पात्यावर. घरी हा जुगाड करूच नका. प्लायच्या दुकानात मापं लिहून दिली तर बरेच जण कापून देतात. लांब, सरळ काप तिथेच करून आणा आणि घरी फक्त जोडणी ठेवा. जागा आणि भुसा दोन्ही वाचतं.

कटर वापरायचाच असेल तर जमिनीवर थर्माकोल किंवा जाड फोमची शीट टाका, तिच्यावर प्लाय पूर्ण आडवा ठेवा आणि पातं प्लायच्या जाडीपेक्षा जेमतेम तीन-चार मिलिमीटर जास्त खाली सोडा. तुकडा खाली वाकत नाही, त्यामुळे फट मिटत नाही. पायात बूट हवेत. आपल्याकडे घरात चपला घालत नाहीत हे खरं, म्हणून एक जुना बंद बूट फक्त या कामासाठी गॅलरीत ठेवून द्या.

ग्राइंडरची एवढी भीती का दाखवतात?

हिशेब करून बघा. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरची डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. ती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. गार्ड असतो तो यासाठी. कोपऱ्यात घुसत नाही म्हणून गार्ड काढून ठेवणारे खूप आहेत. त्या कोपऱ्यासाठी कानस वापरा.

डिस्कवर छापलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. मधल्या धातूच्या कड्यावर बहुधा तारीखही ठोकलेली असते, ती वाचा. डिस्क राळेत बांधलेली असते आणि जुनी झाली, ओल लागली की कमकुवत होते. मुंबईच्या हवेत तर ती हवाबंद डब्यात ठेवलेलीच बरी. कापायच्या पातळ डिस्कची बाजू घासायला वापरू नका. आणि ग्राइंडरवर लाकूड कापायचं दातेरी पातं कधीही चढवू नका. दाते लाकडात अडकले की मशीन हातातून उसळतं, कुठल्या दिशेला ते आधी सांगता येत नाही.

ठिणग्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्या सहज दोन-तीन मीटर जातात. गॅलरीच्या ग्रिलमधून त्या खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर पडतात आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं. अनेक इमारतींत पाइप गॅसची लाइन आणि मीटर त्याच गॅलरीत असतो. तिथे ग्राइंडर चालवायचा नाही, गच्चीवर न्या. काम झाल्यावर अर्धा तास आसपास लक्ष ठेवा, कारण भुशात पडलेली ठिणगी धुमसायला वेळ घेते.

हातमोजे घालावेत ना?

फिरत्या यंत्रावर कापडी किंवा सैल मोजे नकोत. ड्रिलचं बिट मोज्याचा एक धागा पकडतं आणि बोट आत ओढतं. पत्रा, काच, फुटकी टाइल उचलताना मात्र जाड मोजे घालाच.

हाच नियम ओढणी, सैल बाह्या, लांब मोकळे केस, अंगठी, घड्याळ आणि मनगटातल्या गंड्या-दोऱ्याला. दोरा काढायचा नसेल तर घट्ट बाही आणि तिच्यावर रबर बँड. मंगळसूत्र पदराआड नाही, कपड्याच्या आत टाकून वरचं बटण लावा. लुंगी नेसून ड्रिल चालवणाऱ्या काकांना कुणी समजवायचं हा प्रश्न मी सोडून दिला आहे.

मला चष्मा आहे. वेगळा गॉगल कशाला?

चष्म्याची काच समोरून येणारं थोडंफार अडवते, बाजूने आणि खालून येणारं नाही. धातूचा कण बहुधा बाजूनेच येतो. पॉलिकार्बोनेटचा, बाजू बंद असलेला, चष्म्यावरून बसणारा गॉगल मिळतो. दमट हवेत तो धुकतो ही तक्रार खरी आहे. वर भोकं असलेला घ्या आणि पंखा पाठीमागून लावा.

डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका. सैल कण असेल तर स्वच्छ पाण्याच्या धारेने निघेल. निघाला नाही तर रुमालाचं टोक, काडी, ‘जिभेने काढून देते’ हे सगळे उपाय बाजूला ठेवून नेत्रतज्ज्ञाकडे जा. ग्राइंडरचा लोखंडी कण गरम असतो, बुबुळावर रुततो आणि तिथेच गंजू लागतो. काही डोळ्यात घुसून बसलं असेल तर त्यावर दाब येऊ देऊ नका: कागदी कप वरून झाकून टेप लावा आणि निघा. थिनर किंवा ॲसिड उडालं तर लगेच नळाखाली, किमान १५ ते २० मिनिटं, डोळा उघडा ठेवून. डॉक्टरांना फोन त्यानंतर.

घरात एमसीबी आहे. शॉकपासून तेवढं पुरेसं आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारं बटण, वायरिंगला वाचवतं, माणसाला नाही. १६ अँपिअरचं एमसीबी १६ अँपिअरपर्यंत प्रवाह निमूट जाऊ देतं. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह काही वेळ गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे तुम्ही चिकटून बसलात तरी एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल.

त्यासाठी आरसीसीबी लागतं, ३० मिलिअँपिअरचं. काही इलेक्ट्रिशियन त्यालाच ईएलसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहतं. फरक पडला, म्हणजे थोडा प्रवाह तुमच्यातून जमिनीत गेला, की सेकंदाच्या काही अंशात वीज तोडतं. लोहार चाळीत चांगल्या कंपनीचं सहज मिळतं, पण बसवायचं मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. पडलं नाही तर ते शोभेचं आहे.

आमची इमारत जुनी आहे, अर्थिंगच नाही. मग?

आरसीसीबी अर्थिंग नसतानाही काम करतं, म्हणून जुन्या घरात ते जास्तच गरजेचं. फरक एवढाच की अर्थिंग असेल तर बिघडलेल्या यंत्राला तुम्ही हात लावण्याआधी वीज जाते, नसेल तर हात लावल्यावर. बसवल्या-बसवल्या ते सारखं पडत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा दोन लाइनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. ‘कटकट नको’ म्हणून ते बायपास करून देणारे इलेक्ट्रिशियन भेटतील. त्यांना चहा पाजा आणि दुसरा बोलवा.

यंत्र घेताना पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण बघा. तिचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन; अशा यंत्राला दोनच पिना असतात आणि ते बरोबर आहे. तीन पिनांच्या यंत्राची अर्थची पिन मोडून ते दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणं, किंवा प्लगच नाही म्हणून उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खोचणं, हे दोन्ही प्रकार आजही घराघरांत दिसतात. प्लगची किंमत वडापावच्या दोन-चार प्लेटींइतकी आहे.

पावसाळ्यात काम बंद ठेवायचं का?

जून ते सप्टेंबर विजेचं काम गॅलरीत नको, एवढं पाळा. झड आत येते, लादी ओली असते, एक्स्टेंशन बोर्ड तिच्यावरच पडलेला असतो. ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध एकदम कमी होतो, म्हणून एरवी झिणझिण्या देणारा शॉक तेव्हा जीव घेऊ शकतो. बोर्ड भिंतीवर टांगा, पायाखाली रबराची मॅट घ्या. ऑक्टोबरच्या उकाड्यातही घामेजल्या हातांना हेच लागू.

पावसाळ्यात दुसरा धोका उलट्या बाजूने येतो: खिडक्या बंद. रंग आणि पॉलिशची कामं तेव्हा पुढेच ढकला. तसंही दमट हवेत पॉलिश पांढरट पडतं.

भिंतीत ड्रिल करताना आत वायर आहे हे कसं कळणार?

वायरी बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत जातात. त्या रेषा सोडा. नळाच्या आणि गीझरच्या रेषाही सोडा. भिंतीतली वायर आणि धातू ओळखणारं छोटं यंत्र मिळतं, पण त्याच्यावरच विसंबू नका. मेन बंद करून बॅटरीवरचं ड्रिल वापरणं सर्वांत खात्रीचं. खांबात किंवा बीममध्ये सळई लागली तर थांबा, जागा बदला.

भुशासाठी तोंडाला रुमाल बांधला तर चालेल?

रुमालाने जाड भुसा अडतो, आणि जाड भुसा शिंकेबरोबर निघूनही जातो. फुप्फुसात खोल जातं ते डोळ्यांना न दिसणारं पीठ, आणि ते रुमालातून आरपार जातं. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. एमडीएफची धूळ तर सर्वांत बारीक आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

कडप्पा, ग्रॅनाइट, टाइल कापताना सिलिकाची धूळ उडते. ती पाण्याच्या धारेखाली कापतात. पाणी आणि वीज एकत्र आली, म्हणून तिथे आरसीसीबी नसेल तर हे काम घेऊ नका.

जुन्या दरवाजाचा रंग खरवडायचा आहे, पोटमाळ्याचा पत्रा कापायचा आहे. काही विशेष काळजी?

दोन्हींत आहे. भारतात घरगुती रंगातलं शिसं दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसं असू शकतं असंच धरून चाला. कोरडं घासू नका, गरम हवा फेकणाऱ्या हॉट गनने जाळू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. तेव्हाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

नालीदार राखाडी सिमेंटचे जुने पत्रे चाळीत आणि गच्चीवरच्या शेडमध्ये अजून आहेत. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे फुप्फुसात गेले की घातक ठरणारे बारीक तंतू. कापू नका, भोक पाडू नका, फोडू नका. अख्खा पत्रा ओला करून स्क्रू काढून उतरवतात, तेही तुम्ही नाही.

थिनर आणि पॉलिशबद्दल?

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, लादीवरून सरकत जाते आणि शेजारच्या खोलीत पोचते. तिथे जमिनीलगतच्या देव्हाऱ्यात समई तेवत असते किंवा उदबत्ती जळत असते. फ्रिजचा आतला स्विच ‘टक्’ करतो तीही ठिणगीच. म्हणून काम सुरू करण्याआधी दिवा शांत करा, गॅस बंद करा, आरपार वारा खेळेल अशा दोन खिडक्या उघडा. डबा तुमच्या आणि दाराच्या मध्ये ठेवू नका. चपड्याच्या पॉलिशमध्ये स्पिरिट असतं, त्यालाही हेच.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचं तर पुष्कळांना खरंच वाटत नाही. तेल वाळताना उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आत साठते आणि काही तासांनी बोळा आपोआप पेटतो. काडीची गरज नाही. चिंध्या एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग कचऱ्यात टाका.

एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक घरात असावं, आणि ते दाराजवळ. आग पहिल्या मिनिटात विझली नाही तर बाहेर पडा, १०१ लावा.

सोल्डरिंग तर निरुपद्रवी आहे ना?

तुलनेने हो. धूर शिशाचा नसतो, सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरतात त्या फ्लक्समधल्या राळेचा असतो आणि त्याने दमा बळावतो. छोटा पंखा धूर ओढून बाहेर टाकेल असा ठेवा. सोल्डरमधलं शिसं हाताला लागतं, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय वेफर्स नकोत. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ बघत असाल तर बघा, करू नका. तिथे सुमारे दोन हजार व्होल्ट असतात आणि त्या बाजूला आरसीसीबीचंही काही चालत नाही.

बोट कापलं तर पहिली पाच मिनिटं काय करायचं?

स्वच्छ कापड घ्या, जखमेवर घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि दहा मिनिटं दाबलेलाच ठेवा. मध्येच उचलून ‘थांबलं का’ बघितलं की गुठळी सुटते. हळद, कॉफी पावडर, चुना काही भरू नका. टाके घालण्याआधी डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं. जखम लहान असली तरी बोटाचं टोक बधिर झालं किंवा बोट वाकत नसेल तर नस किंवा स्नायूबंध तुटलेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

तुकडा तुटून वेगळा झाला असेल तर तो ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फात टाकलेला तुकडा गोठतो आणि जोडता येत नाही. जवळच्या दवाखान्यात वेळ घालवण्यापेक्षा प्लास्टिक सर्जरी विभाग असलेलं रुग्णालय गाठा. पालिकेच्या केईएम आणि सायनला तो आहे. स्वतः गाडी चालवू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

गंजलेला खिळा लागला. दर सहा महिन्यांनी टीटी घ्यावं का?

नाही. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, मातीत आणि घाणीत असतात. खिळा त्यांना फक्त खोल पोचवतो. लहानपणीचा कोर्स पूर्ण असेल तर दर दहा वर्षांनी एक डोस, आणि खोल किंवा घाणेरड्या जखमेला शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर. तारीख फोनमध्ये लिहून ठेवा.

भाजलं तर? आणि कुणाला शॉक बसला तर?

भाजल्यावर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, तूप नको.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन बंद. माणूस हलत नसेल आणि श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल. नंतर माणूस ठीक वाटला तरी चक्कर, धडधड किंवा भाजल्याची खूण असेल तर ईसीजी काढून घ्या.

आवाजाचं काय? शेजारी तक्रार करतात.

रात्री दहा ते सकाळी सहा हा नियमांनुसार रात्रीचा काळ आहे, त्यात यंत्र लावायचं नाही. दुपारी दोन ते चारही सोडून द्या. तुमच्या कानांचा हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास चालतं आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ग्राइंडर १०० डेसिबलच्या घरात असेल तर १५ मिनिटं. बंद गॅलरीत टाइल्सवरून आवाज परततो. कानातले फोमचे बोळे घाला. इअरफोनवर गाणी लावणं हा उपाय नव्हे, उलट मशीनचा बदललेला सूरही त्यामुळे ऐकू येत नाही.

लहान मुलं घरात आहेत.

प्लग काढा, बॅटरी काढा, कपाटाला कुलूप. खेळणं म्हणून बिघडलेलं ड्रिलही देऊ नका.

हत्यारांची तपासणी किती दिवसांनी करावी?

पटाशी आणि रंध्याची धार प्रत्येक कामाआधी. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेलं हत्यार सटकतं. यंत्रांसाठी खंडेनवमी धरा: हळद-कुंकू लावायच्या आधी केबल बोटांनी चाचपा, प्लग उघडून स्क्रू आवळा, फुगलेली लिथियम बॅटरी बाद करा, जुन्या डिस्क मोडून टाका. नंतर झेंडू.

चोर बाजारातून जुनं मशीन घ्यावं का?

घ्या, मटन स्ट्रीटला अजूनही चांगला माल दिसतो. पण बॉडीला तडा, केबलला टेपचे जोड, सोडल्यावर न सुटणारा स्विच यांतलं काहीही असेल तर पुढे चला. बेंच ग्राइंडरबरोबर दगड मिळत असेल तर तो काढून बोटावर तोला आणि हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा आहे. विक्रेता मशीन लगेच सुरू करून हातात देईल, तेव्हा ते धरायची घाई करू नका. गार्ड नसेल तर त्या मॉडेलचा गार्ड नागदेवीला मिळतो का ते आधी विचारून या, भाव त्यानंतर करा.